खिचडी कुणाच्या तोंडात?

एका संस्थानात गोदूबाई गुरव नावाची गाणारी होती. बापानं मरताना आपल्या पदांचं बाड तिच्या हाती सोपवलं होतं. एकदा दरबारात तिनं गायलेलं त्यातलं एक पद ऐकून राजेसाहेबांनी मान डोलावली, आणि तेवढ्यानं राजपंडित त्र्यंबकशास्त्र्यांच्या पोटात दुखलं. तिच्यासमोरचं बाड उचलून ते कडाडले, "हुजूर, ही पदं की खिचडी? संस्कृतात फारसी, फारसीत कानडी! असल्या बाजारू भाषेला दरबारात जागा नको. हे बाड जप्त करून जाळा!"

गोदूबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"शास्त्रीबोवा, खिचडीनं भुकेल्याचं पोट तरी भरतं! पण 'हुजूर', 'बाजार', 'दरबार', 'जागा', 'जप्त' हे तुमचे सगळे शब्द फारसीतूनच आलेत. माझ्या बापाची पदं जाळायची, तर आधी तुमची जीभ जाळावी लागेल!"

राजेसाहेब म्हणाले, "शास्त्रीबोवा, तुमची मागणी शुद्ध भाषेत पुन्हा मांडा. मग बघू."

शास्त्र्यांनी घसा खाकरला. "हुजू..." म्हणाले आणि जीभ चावली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा "हुजू..."च निघालं. सगळे खो खो हसले.

गोदूबाई हसली नाही. शास्त्र्यांच्या हातातलं बाड तिनं हिसकावून घेतलं आणि बिदागीकडे ढुंकूनही न बघता ती तरातरा निघून गेली.