राणीचं पोवळं आणि राजबागेची विहीर

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा गोगलगाईसुद्धा बोलत असत, आणि माणसांपेक्षा लवकर मुद्द्यावर येत असत.

समुद्रापासून लांब, डोंगरात एक राज्य होतं. तिथल्या राजाने किनाऱ्यावरची मुलगी राणी करून आणली. वडिलांनी तिच्यासोबत काचेचा एक हौद दिला. त्यात समुद्राचं पाणी, थोडे रंगीत मासे आणि एक जिवंत, गुलाबी पोवळं होतं. त्या परक्या मुलखात राणीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

हौद सांभाळायला एक राखणदार नेमला. माणूस कष्टाळू, पण मानाला फार जपणारा. राणी त्याला म्हणाली, "काका, हौदातलं पाणी हळूहळू उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. जेवढं उडेल तेवढं पावसाचं साठवलेलं पाणी घालत जा. आमच्याकडे असंच करतात."

राखणदाराने मान डोलावली. मनात म्हणाला, 'पागोळ्यांचं पाणी? त्याने तर आम्ही भांडी घासतो! राणीसाहेबांच्या हौदात ते ओतलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.' त्याने राजबागेतल्या विहिरीचं पाणी आणवलं. ती विहीर म्हणजे राज्याची शान. पाहुण्यांना पहिला तांब्या तिथलाच, आणि तिच्या पाण्यावर बागेतल्या केळी नुसत्या माजलेल्या.

थोड्याच दिवसांत पोवळ्यावर हिरवं, केसाळ शेवाळ दिसू लागलं. राखणदाराने ते खरवडलं. ते पुन्हा आलं. त्याने उजेडावर खापर फोडलं आणि खिडकीला पडदा लावला; पोवळं फिकं पडलं, शेवाळ होतं तसंच राहिलं. मग त्याने माशांचा घास कमी केला. मासे तेवढे रोडावले. शेवटी त्याने किनाऱ्यावरून शेवाळ खाणारी एक गोगलगाय मागवली.

गोगलगाईने पोट फुटेस्तोवर खाल्लं आणि काचेला चिकटून म्हणाली, "अहो, पंगत तुम्ही वाढायची आणि उष्टी मी काढायची, हे कुठवर चालायचं? या शेवाळाला रोज तुम्हीच तर जेवू घालताय!"

"मी?" राखणदार भडकला. "माझं पाणी वस्त्रगाळ आहे. तळाशी पडलेली सुई दिसेल!"

"दिसेल की. तेच पाणी पातेल्यात आटवा, आणि मग पातेलं बघा."

त्याने आटवलं. पातेल्याच्या तळाला मळकट, खरखरीत थर धरला होता. बागेत वर्षानुवर्षं टाकलेलं खत झिरपून विहिरीत उतरलं होतं. हौदातही हेच चाललं होतं. पाणी उडून जात होतं आणि खत मागे साचत होतं.

"राणीला सांगा," गोगलगाय म्हणाली. "हे पाणी काढून समुद्राचं नवं पाणी आणायला लावा. आत्ता सांगितलंत तर पोवळं वाचेल."

पण राजवाड्यातला उत्सव तोंडावर आला होता. नवं पाणी मागायचं म्हणजे कारण सांगणं आलं. 'चार लोकांत माझी शोभा व्हायची,' राखणदाराने विचार केला. 'उत्सव उरकू दे, मग सांगतो.' आणि कुणाला शंका नको म्हणून विहिरीचं पाणीही घालतच राहिला. त्याने शेवाळ खरवडलं, काच लखलखीत केली. पाहुणे वाहवा करून गेले. राजाने त्याला शालजोडी दिली. ती त्याने खाली मान घालून घेतली.

पाहुणे गेले तोवर पोवळं पांढरंफटक पडलं होतं. राणीने हात लावला, तर त्याची फांदी चुन्यासारखी मोडली.

"काका, हे कशाने गेलं?"

राखणदाराने पागोळ्या, विहीर, पातेलं, सगळं सांगितलं. सांगताना तो हमसून हमसून रडला.

राणीने विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"उत्सवाच्या आधी, राणीसाहेब."

"म्हणजे तेव्हा ते जिवंत होतं," राणी म्हणाली, आणि आत निघून गेली.

राखणदाराला कुणी शिक्षा केली नाही. त्या एका वाक्यानंतर द्यायला शिक्षा उरलीच नव्हती.

तात्पर्य: चूक कळली त्या घडीलाच कबूल करावी; मानासाठी झाकली तर तिची भरपाई दुसऱ्याच्या जिवाने होते.