थोरल्या कड्यावरचा दुसरा दोर

डोंगरांच्या आड, जिथे बैलगाडीची वाटही पोचत नव्हती, तिथे फार पूर्वी मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं. गावाचे दोन पाडे होते, एक वरचा आणि एक खालचा. समोर उभा होता थोरला कडा. त्या कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लटकायची. पाऊस सुरू व्हायच्या आत ती पोळी काढायची, मध आणि मेण पायथ्याच्या व्यापाऱ्यांना द्यायचं आणि बदल्यात नाचणी, मीठ, कापड आणायचं, असा त्या गावाचा संसार होता.

कड्यावर उतरायचे नियम पक्के होते. उतरणाऱ्याच्या कमरेला एकच दोर. दोराला एक हिसका दिला तर सैल सोडायचं, दोन हिसके दिले तर वर ओढायचं. आणि तो दोर वरून धरायचा उतरणाऱ्याच्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात आहे तो हात सैल पडू देत नाही, असा त्यामागचा हिशेब. बायकोनेही वर भावाशेजारी बसायचं, कारण त्याला डुलकी लागलीच तर चिमटा काढायला कुणीतरी हवं. बाकी गावाने लांब थांबायचं, कारण माणसांचा गलका माश्यांना खपत नाही.

गावचा म्हातारा नाईक वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. वरच्या पाड्याचा धावजी त्याचा उजवा हात होता. कड्यावर उतरण्यात धावजीसारखा कुणी नव्हता. खालच्या पाड्याचा लखमाही त्याचा उजवाच हात होता, असं खालच्या पाड्याचं म्हणणं. दोर धरण्यात लखमासारखा कुणी नव्हता. आता नाईक कोण, यावरून बोलाचाली झाली, मग ढकलाढकली, मग कोयते निघाले. भांडण कसं वाढतं हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. मोठी माणसंच दर वेळी तोंडात बोट घालतात.

त्या मारामारीत धावजीच्या वाराने लखमाचा धाकटा भाऊ गेला. धावजीची बायको येसू, तिचा एकुलता एक भाऊ राघू खालच्या पाड्याच्या माणसांनी मारला. गावाचं धान्याचं कोठार जळालं. ते कुणी पेटवलं याची दोन्ही पाड्यांना अगदी पक्की खात्री होती, फक्त नावं वेगवेगळी होती. शेवटी वरचा पाडा जिंकला. खालच्या पाड्याची माणसं पोरंबाळं घेऊन ओढ्यापलीकडच्या रानात पळून गेली आणि जाताना थोरल्या कड्याचा लांब दोर घेऊन गेली.

धावजीने नायकाचा फेटा बांधला. बांधून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की कडा आपल्याकडे आहे आणि दोर त्यांच्याकडे.

फाल्गुन सरत आला. घरात नाचणी उरली नव्हती. बायका कंद उकडून पोरांना घालत होत्या आणि पोरं ते थुंकून टाकत होती. पाऊस लागण्याआधी मध खाली गेला नाही, तर पावसाळ्यात गाव उपाशी मरणार हे सगळ्यांना दिसत होतं. तसा दोर वळायला अख्खा हंगाम जातो. लखमाचीही गत वेगळी नव्हती. दोराचं वेटोळं उशाला घेऊन पोट भरत नाही.

मग धावजी एकटाच, हातात काही न घेता, ओढा ओलांडून गेला. त्याने सांगितलं, खालच्या पाड्याने आपापल्या घरी परत यावं, अर्धा मध त्यांचा, अर्धा आमचा, नाईक मात्र मीच. लखमाने बराच वेळ विस्तवात काटक्या टाकल्या आणि मग तो हो म्हणाला. दोघांनी एकमेकांच्या हातचं पाणी घेतलं नाही.

पण खरा पेच पुढेच होता. दोन्ही पाड्यांची माणसं धावजीच्या अंगणात जमली, तेव्हा प्रश्न आला, दोर धरणार कोण? वरच्या पाड्यात जी दोन-चार बळकट माणसं वाचली होती, त्यांचे हात जखमी होते. थोरल्या कड्याचा लांब दोर एकट्याने पेलायला लखमाच हवा होता. आणि लखमा धावजीचा मेव्हणा नव्हता, उलट मेव्हण्याच्या मारेकऱ्यांचा पुढारी होता. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. नियम मोडला तर कडा खातो, असं ते म्हणाले.

येसू हे सगळं दाराआडून ऐकत होती. ती आत गेली, तिने निरांजन लावलं, ताटात हळदकुंकू आणि तांदूळ घेतले आणि ती सगळ्यांसमोर लखमापुढे येऊन उभी राहिली. भाऊबीज कधीच होऊन गेली होती. तिने पाट मांडला.

"बस," ती म्हणाली. "माझा भाऊ तुमी नेला. त्याची जागा रिकामी हाय. दोर धराया भाऊ लागतो, तर तू हो भाऊ."

लखमा पाटावर बसला. त्याची मान वर होईना. येसूने त्याला कुंकू लावलं, ओवाळलं.

"ताटात टाकाया माझ्यापाशी काही न्हाई," लखमा म्हणाला.

"टाकू नको. दोर धर. आन एक ऐक, मी तुला माफ केल्यालं न्हाई."

ती आत निघून गेली आणि चुलीपाशी बसून रडली. राघूची आठवण काढून रडली, आणि ज्याच्या माणसांनी त्याला मारलं त्याच्याच कपाळाला आपलं बोट लागलं म्हणूनही रडली.

आता धावजीचं ऐका. समेट करणारा नाईक तो, पण त्याला झोप लागेना. ज्याच्या भावाला आपण मारलं त्याच्या मुठीत आपला जीव द्यायचा, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. त्याने गुपचूप आपल्या चुलतभावाला गाठलं. तो मारामारीत एका हाताने अधू झाला होता, पण माणूस विश्वासाचा. घरोघरच्या गुरांच्या दाव्यांना गाठी मारून दोघांनी एक दुसरा दोर केला. तो कड्याच्या काठावर, बाजूच्या कारवीच्या जाळीआड, एका ऐनाच्या झाडाला बांधायचं आणि धावजी उतरेल तसा चुलतभावाने सैल सोडायचं ठरलं. त्याचं दुसरं टोक धावजीने घोंगडीखालून कमरेला बांधायचं. चुलतभावाला त्याने बजावून ठेवलं, की लखमाने काहीही सांगितलं तरी हा दोर सोडायचा नाही. येसूला यातलं काही कळू दिलं नाही.

सकाळचं ऊन कड्यावर यायच्या आत धावजी खाली उतरला. एका हातात ओल्या पाल्याचा धुमसता चूड, पाठीला टोपली. वर लखमा पाय रोवून बसला होता, शेजारी येसू. दोराला एकेक हिसका येत होता आणि लखमा सैल सोडत होता. पहिलं पोळं सुटलं, टोपली जड झाली. सगळं नीट चाललं होतं.

मग वारा फिरला. धूर कड्यापासून लांब गेला आणि माश्या उठल्या. धावजीने दोराला दोन हिसके दिले. लखमा ओढू लागला. त्याच वेळी जाळीआडच्या चुलतभावालाही हिसके जाणवले. त्यानेही आपला दोर जमेल तेवढा ओढला आणि झाडाला गच्च आवळला. एक दोर सरळ वर ओढत होता, दुसरा बाजूला. धावजी मधल्यामध्ये एका पुढे आलेल्या खडकाखाली अडकला. वर येईना की खाली जाईना, आणि माश्या काळ्या घोंगडीसारख्या त्याच्या अंगावर बसल्या.

लखमाने सारा जोर लावला. दोर हलेना. तो दोर धरण्यात मुरलेला माणूस, त्याला लगेच कळलं.

"येसू, हा दोर बाजूला ओढला जातोय. दुसरीकडनं कुणीतरी धरलंय. जा, सोडाया सांग, न्हाईतर गेला तुझा मानूस."

येसू काठाने धावली. जाळीआड तिला चुलतदीर दिसला, झाड दिसलं आणि ताणलेला दोर दिसला. तेव्हा कुठे तिला नवऱ्याचं शहाणपण कळलं. ती म्हणाली, सोडा. तो म्हणाला, सोडणार नाही, नायकाने बजावलंय. लखमाला हेच तर हवं असेल. हा दोर सुटला की तोही त्याचा सोडणार, मग सगळंच संपलं.

येसूने मागे वळून पाहिलं. खालून धावजीचं ओरडणं येत होतं आणि ते हळूहळू बारीक होत चाललं होतं. हा दोर सोडायचा म्हणजे नवऱ्याचा सगळा जीव लखमाच्या हातात द्यायचा. ज्याच्या माणसांनी राघूला मारलं त्याच्या हातात. पण तिने लखमाकडे नीट पाहिलं. तो मागे रेललेला, टाचा मातीत रुतलेल्या, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. याला मारायचंच असतं तर नुसती मूठ उघडायची होती, तिच्या मनात आलं. मारणारा माणूस मला कशाला धाडेल?

तिने कमरेचा विळा काढला. चुलतदीर आडवा आला. ती त्याला म्हणाली, "भावजी, बाजूला व्हा. त्यो माझा भाऊ हाय." आणि तिने दोर कापला.

धावजी खडकाखालून सुटला आणि झोक्यासारखा हवेत गेला. त्याचं सगळं ओझं एकदम लखमावर आलं. लखमा बसल्या जागेवरून फरपटत काठापर्यंत गेला. एक दगड पायाखाली लागला म्हणून थांबला. दोर त्याच्या तळहातांतून सरकला, कातडी सोलून निघाली, दोराला रक्त लागलं. पण मूठ उघडली नाही. येसू धावत आली आणि तिने मागून दोर धरला. चुलतभाऊ क्षणभर बावळटासारखा उभा राहिला आणि मग त्यानेही आपला एक धड हात घातला. तिघांनी मिळून धावजीला वर घेतलं.

धावजी जगला. त्याचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं, डोळे मिटले, दोन दिवस त्याला कुणी ओळखलं नसतं. तोवर खालच्या पाड्यातली दुसरी माणसं कड्यावर उतरली, त्यांच्या मेव्हण्यांमागे दोन्ही पाड्यांनी दोराला हात लावला आणि बाकीची पोळी काढली. नाचणी आली. चुलींवर भाकरी थापल्याचे आवाज आले आणि पोरांनी एकदाची तोंडं वाकडी करायची सोडली. वरच्या पाड्याच्या बायका लखमाच्या घरी जाऊन त्याच्या तळहातांना हळद आणि तूप लावून आल्या. ज्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही त्याचे आभार मानायचे, हे काम फार अवघड. त्यांनी नुसतंच बोटं हलकी ठेवून मलम लावलं, आणि त्यातली एकजण निघताना दारात त्याच्या पाया पडली.

त्या गावात रीत होती, की हंगामाचा पहिला मध नायकाने चाखायचा. धावजीचा एक डोळा उघडला, त्या दिवशी तो पानाच्या द्रोणात तो मध घेऊन खालच्या पाड्यात गेला. लखमा अंगणात बसला होता, दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या. द्रोण त्याला धरता येईना. तेव्हा धावजी खाली बसला आणि बोटाने मध घेऊन त्याने लखमाच्या तोंडाशी नेला. लखमाने त्या बोटाकडे पाहिलं. त्याच हातून त्याचा भाऊ मेला होता. मग त्याने तोंड उघडलं.

"तुझ्या भावाला मी मारला," धावजी म्हणाला. "तरी तू सोडलं न्हाईस. मी जिता हाय, गाव जितं हाय, ते तुझ्यामुळं. हे ऋण माझ्यानं फिटायचं न्हाई."

"खोटं सांगत न्हाई, नाईक," लखमा म्हणाला. "सोडावा असं मनात आलं होतं. एकदा आलं. पन तुझं वझं एवढं होतं, की दुसरं काही मनात टिकंना."

धावजी खाली बघत म्हणाला, "झाडाला दुसरा दोर मीच बांधाया लावला."

"ठाव हाय," लखमा म्हणाला. "मीबी बांधला असता."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले, एक सुजलेल्या तोंडाने आणि एक बांधलेल्या हातांनी. आधी धावजीला हसू आलं, पण गाल दुखले म्हणून तो कळवळला, आणि त्याचं कळवळणं बघून लखमा हसला. मग हसता हसता दोघेही आपापल्या मेलेल्यांसाठी रडले. द्रोणातला उरलेला मध अंगणातल्या पोरांनी कधी संपवला हे दोघांनाही कळलं नाही.

पुढच्या हंगामाला लखमा कड्यावर उतरला. त्याच्या बायकोने धावजीला ओवाळलं होतं, तोंड फिरवून का होईना, पण ओवाळलं होतं. दोर धावजीने धरला होता, आणि लखमाच्या कमरेला तो एकच होता.

या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते एवढंच: कालच्या वैऱ्याच्या हातात जीव द्यायची वेळ आली, तर तो अर्धा देऊ नये, आणि त्या हाताने तो सांभाळला, तर राग पुरता विझायची वाट न पाहता त्याचे आभार मानावेत.