राखेतला मोर

"विकत घेतलेली वस्तू माझी नाही, असं कसं म्हणतात ते लोक?"

नरहर करंजकर मठाच्या पायरीवरूनच बोलत सुटला. पैठणीची नक्षी काढण्यात त्याच्या तोडीचा येवल्यात कुणी नाही, असं गाव म्हणायचं. त्याच्याइतक्या मोठ्यानं मात्र कुणी म्हणत नसे.

केशवगिरी महाराज धुनीपाशी बसले होते.

"आधी बस. घाम पूस."

"सकाळी कॉम्प्युटर लावला, तर नक्षीचं सॉफ्टवेअर उघडेना. कंपनीला फोन केला. म्हणे, तुम्ही फक्त वापरायची परवानगी घेतली होती, ती आम्ही संपवली... महाराज, माझे सगळे मोर त्यात अडकलेत. सगळे पदर, सगळे काठ. विणकर दारात उभे आहेत. मागावर काय चढवू?"

"घेताना काही कबूल केलं होतंस?"

"लांबलचक अटी असतात. कोण वाचत बसतो? खाली 'मान्य' लिहिलेलं असतं, ते दाबायचं."

"मालक कधी कुणाला 'मान्य' म्हणतो का रे?"

नरहर नुसताच घाम पुसू लागला, तसं महाराजांनी पुढं विचारलं,

"आणि वडिलांचे कागद? चौकटी रंगवून नक्षी काढायचे ते..."

"सॉफ्टवेअर आलं तेव्हा रंगाच्या भट्टीत घातले. अडगळ नुसती." हे सांगताना त्याचा आवाज खाली आला.

महाराजांनी धुनीतली थोडी गार राख ओढली. तळव्यानं सारखी केली.

"काढ मोर."

"यात काय महाराज! उभा जन्म मोरच काढतोय."

त्यानं मान काढली. ती बदकाची झाली. पुसली, पुन्हा काढली. पिसाऱ्यापाशी बोट थांबलं. इथं तो एक बटण दाबायचा आणि पिसारा आपोआप उलगडायचा.

मोर डोळ्यांसमोर लख्ख दिसत होता. बोटाला वाट सापडत नव्हती.

सकाळपासून नरहर घाबरलेलाच होता, पण ही भीती वेगळी होती. ती घेऊन कुणाच्या दारात जायचं, ते त्याला कळेना.

"महाराज... येत नाही."

त्यानं राख पुन्हा सारखी केली, पुन्हा बोट टेकलं.

"महाराज, मला येत नाही हो!"

बोट राखेवरच टेकलेलं होतं. महाराज त्या बोटाकडे बघत राहिले.

"मग कंपनीला परत फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, मोर ठेवून घ्या... हात तेवढा माझा द्या."