चाचपणी

"तुम्ही आधी तिला विचारून बघाल का, फादर?"

लुबोमीर शाफारने हे तिसऱ्यांदा विचारलं. मोराव्हियातल्या या डोंगरावरच्या मठात तो काल दुपारीच आला होता. खाली गाव दिसत होतं. त्या गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात मुनिरा काम करत होती. पायी पंधरा मिनिटांची उतरण, पण त्याचा पाय निघत नव्हता.

फादर प्रोकोप वाफ्यातले कांदे उपटत राहिले. लहानपणी त्यांनीच कम्युनिस्ट राजवटीत त्याला चोरून लॅटिन शिकवलं होतं. आता त्यांची नव्वदी उलटली होती; अजूनही ते त्याला अरेतुरेच करत.

शाफारची हयात चेक परराष्ट्र खात्यात गेली. राजदूत, मग खासदार, मग उपमंत्री. जिभेवर साखर, डोक्यावर बर्फ. सापही मरावा आणि काठीही तुटू नये, अशा कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उत्तर काय येणार हे ठाऊक असल्याशिवाय काही मागायचं नाही, हा त्या धंद्याचा नियम. आधी मध्यस्थ पाठवायचा, चाचपून बघायचं, मगच आपण जायचं.

बारा वर्षांपूर्वी तो एका परक्या देशात राजदूत होता. दूतावासाच्या मेजवानीला त्याने मुनिराला बोलावलं. ती तिथल्या सरकारच्या डोळ्यांत खुपणारी पत्रकार. ती येणार असेल तर मी येत नाही, असं तिथल्या मंत्र्याने ऐन वेळी कळवलं. मोठा करार सहीला आला होता.

शाफार स्वतः फाटकावर गेला. यादीत काहीतरी घोटाळा झालाय, म्हणाला. ती मुकाट्याने परतली.

दूतावास तिच्या पाठीशी नाही, हे साऱ्या रस्त्याने पाहिलं. दुसऱ्याच दिवशी तिला उचललं. चार वर्षं ती तुरुंगात होती. सुटल्यावर तिला आश्रय मिळाला तो नेमका शाफारच्याच देशात.

"त्या करारावर मला बढती मिळाली, फादर."

फादरांनी आणखी एक कांदा उपटला.

"मला माफी मागायचीय. पण ती नाही म्हणाली तर?"

फादरांनी कांद्याची माती झटकली.

"विचारलं मी तिला."

"कधी?"

"आज सकाळी."

"मग?"

"नाही म्हणाली. तुला कधीच माफ करणार नाही, म्हणाली."

शाफारने मोठा श्वास सोडला. छातीवरचा धोंडा उतरावा तसं वाटलं त्याला. सुटलो...

आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, हे ध्यानात येताच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षं जे आतून कुरतडत होतं, त्याला तो पश्चात्ताप समजत होता. त्यातली निम्मी तर तिला तोंड दाखवण्याची भीतीच होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

तरी सवयीने तोंडून निघालंच, "मग... संध्याकाळच्या गाडीने प्रागला जातो."

फादर गुडघ्यांवर हात टेकत उठले. मातीच्या हातानेच त्यांनी त्याचा कोट धरला आणि त्याला मागच्या फाटकाशी नेलं. तिथून वाट सरळ शाळेकडे उतरत होती. त्यांनी कडी काढली.

"फादर, ती नाही म्हणालीय..."

"हो. आता तुला उत्तर ठाऊक आहे. जा."