ओरूचा उसासा

“...पण ज्याला फुफ्फुसंच नाहीत, बुवा, तो उसासा टाकेल कसा?”

सोमगिरी बुवा मठाच्या ओसरीवर फुलवाती वळत होते. पुढ्यातल्या ताटलीत पिंजलेला कापूस होता. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला फुफ्फुसं नाहीत?”

“ओरूला.”

“हा ओरू कुठला?”

अभिनंदन चौगुले याच प्रश्नाची वाट बघत होता. अंतराळातल्या मालिका हा त्याचा हक्काचा विषय. त्यावर तो बोलायला लागला, की समोरच्याचा चहा गार होई. मिरजेत त्यानं आणि इम्तियाजनं मिळून अशा मालिका बघणाऱ्यांचं एक मंडळ काढलं होतं. दर रविवारी अभिनंदनच्या घरी जमायचं, एक भाग बघायचा आणि मग त्यातल्या विज्ञानाची सालटी काढायची. अभिनंदनच्या तावडीतून आजवर एकही यान धड सुटलं नव्हतं.

ओरू हा ‘शेवटचा तळ’ या मालिकेतला परग्रहावरचा जीव. मिथेनच्या समुद्रात जन्मलेला, लागेल ते कातडीतून शोषून घेणारा. आणि शेवटच्या भागात या पठ्ठ्यानं चक्क उसासा टाकला होता.

अभिनंदन म्हणाला, ही ढळढळीत चूक. इम्तियाज म्हणाला, अख्ख्या मालिकेत तेवढंच खरं. शब्दानं शब्द वाढला. “तुझं विज्ञान कच्चं, म्हणून तुला रडू येतं,” असं अभिनंदन चारचौघांत बोलून गेला. इम्तियाज उठला, चपला घातल्या आणि गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. नुसता निरोप आला. बुवा सांगतील ते मान्य. पण चूक ठरली, तर मंडळातून माझं नाव काढ.

बुवाच का, तर भगवी वस्त्रं घालण्याआधी त्यांनी या दोघांना शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निकाल आपल्याच बाजूनं लागणार, याबद्दल अभिनंदनला तिळमात्र शंका नव्हती.

“श्वसन तुम्हीच शिकवलंत आम्हाला,” तो म्हणाला. “छातीतली हवा बाहेर पडते, तो उसासा. याला छातीच नाही. मग हवा येणार कुठून?”

“बरोबर आहे.”

अभिनंदन खुलला. “मग तसं कळवू इम्तियाजला?”

“थांब की. मी कुठं बघितलीय तुमची मालिका? पहिल्यापासून सांग. चूक आली, की दाखव.”

अभिनंदन पुढं सरकला, पार ताटलीला खेटून बसला, आणि सांगू लागला.

तळ मोडकळीला आलेला. सगळे निघून गेलेले. मागं राहिल्या एक कप्तानबाई आणि हा ओरू. आधी दोघांचं अजिबात पटेना. बाईंना त्याचा वास सोसवेना, त्याला त्यांचं गाणं. मग हळूहळू एकमेकांची सवय झाली. तो गळक्या नळ्या धरून बसायचा, बाई सांधायच्या.

“मग?”

“मग सुटकेचं यान आलं. जागा एकाचीच. ओरूनं त्यांना झोपेतच उचलून आत ठेवलं आणि दार लावून घेतलं.”

“न विचारता?”

“विचारलं असतं, तर त्या गेल्या नसत्या.” अभिनंदनचा आवाज उतरला. “मग तो खिडकीशी येऊन उभा राहिला. यान लांब जात होतं. त्याचा दिवा ठिपक्याएवढा झाला... मग तोही दिसेना. ओरू मागं वळला. दोघं मिळून बसायचे, तो बाक तिथंच होता. त्यांची जागा तशीच...”

तो थांबला.

त्याच्या डोळ्यांपुढं घरातला दिवाण आला. त्याची भिंतीकडची बाजू शाळेपासून इम्तियाजची. गेले कित्येक रविवार तिथं कुणी बसलं नव्हतं. कुणी बसायला गेलं, तर अभिनंदनच म्हणायचा, इकडं बस. इम्तियाजच्या आठवणीनं त्याला आतून भरून आलं.

त्यानं एक लांब उसासा टाकला.

“मग?” बुवांनी विचारलं.

“मग काय... संपली मालिका.”

“आणि चूक?”

“कुठली चूक?”

बुवा ताटलीकडं बघत राहिले.

अभिनंदननंही बघितलं. ताटली अर्धी रिकामी झाली होती. कापूस ओसरीभर पसरला होता, थोडा बुवांच्या मांडीवर, थोडा दाढीत.

तो मुकाट्यानं उठला आणि कापूस वेचू लागला. वेचून ताटलीत ठेवला. तरी जाईना. उंबऱ्याशी घुटमळला.

“इम्तियाजला काय सांगू, बुवा?”

बुवांनी पुढची वात वळायला घेतली.

“झालं ते सांग. म्हणावं, ज्याला फुफ्फुसं नाहीत, त्याच्या उसाशानं बुवांचा कापूस उडाला.”