ठोकळ्याने दिलेली खांबाची परीक्षा

सिमेंटला मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एकाच मिक्सरमधून खांब आणि नमुन्याचा छोटा ठोकळा जन्मले. ठोकळा मजबुतीच्या परीक्षेला जाणार, म्हणून मुकादमाने त्याला हौदात डुंबत ठेवलं. खांब उन्हात कोरडाच उभा.

“ठोकळेराव, थोडं पाणी इकडेही पाठवायला सांगा. पाण्याशिवाय अंगात बळ कुठून येणार? पाण्याची टाकी माझ्या डोक्यावर बसणार आहे!”

“घाबरतोस काय गड्या? तुझ्या नावाने परीक्षा मी देतो की!”

किती भार सोसतो ते पाहायला यंत्राने ठोकळ्याला फुटेपर्यंत दाबलं. तो पहिल्या नंबराने पास झाला. मुकादमाने पेढे वाटले, खांबाला हार घातला आणि भरलेली टाकी वर चढवली.

तेवढ्यात चिमणी काडी घेऊन आली. खांब हळूच म्हणाला, “चिमूताई, घरटं त्या बाभळीवर बांधा.”