दही कुणाच्या हातावर

"आणि अक्का, वर्गात एखाद्या पोरानं विचारलं, सर तुमचं गाव कुठलं, तर काय सांगू?"

"हाय त्ये सांग."

"तेच तर चालत नाही."

अक्कांचा हात थांबला नाही. सुपात गहू होते. खडे बाजूला पडत होते.

हिरण्यकेशीच्या काठी अक्कांचा मठ आहे. मठ म्हणजे काय, दोन खोल्या, एक ओसरी आणि एक पेरूचं झाड. पण परीक्षेला निघालेली पोरं, कोर्टात निघालेले भाऊ, ऑपरेशनला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळे आधी इथं येतात. अक्का हातावर चमचाभर दही ठेवतात. ते चाटलं की पुन्हा खाली बसायचं नाही, सरळ निघायचं आणि काम झालं की परत येऊन सांगायचं, एवढाच त्या दह्याचा नियम. स्वतः अक्कांना कुठं जाताना कुणी पाहिलेलं नाही. लोक जातात, लोक येतात, अक्का तिथंच.

आज चारुदत्त शिंत्रे आला होता. कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक. त्याचं इंग्रजी ऐकून तालुक्यातले लोक उगाचच सावरून बसत, आणि हे त्याला ठाऊक होतं. आता त्याला व्हिएतनाममधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली होती. दुपारी तिथल्या बाईंचा फोन येणार होता. त्यांना हो किंवा नाही, एकच काय ते हवं होतं.

"चालत का न्हाई?" अक्कांनी विचारलं.

"पालकांना परदेशी मास्तर हवाय."

"मग तू तिकडं परदेशीच की."

"आहेच. पण अक्का, सगळे परदेश सारखे नसतात. त्यांना हवा तसला परदेश म्हणजे गडहिंग्लज नव्हे. लंडनजवळचं एखादं गाव सांगा म्हणाल्या बाई. नाव तुम्हीच निवडा म्हणाल्या."

"निवडलंस?"

"...निवडलं."

अक्कांनी एक खडा उचलून उन्हाला धरला, मग टाकला.

"आणि तुझं नाव? त्ये तरी तुझंच हाय न्हवं?"

"ते... चार्ली."

"कुणी ठेवलं?"

"त्या बाईंनीच. चारुदत्त म्हणायला तिथल्या मुलांची जीभ वळत नाही म्हणे."

"तुझी तरी कुटं वळत हुती? चौथीपातूर चालुदत्त म्हणायचास."

चारुदत्त हसला नाही. खरं तर त्याला वाटलं होतं, अक्का चिडतील. चिडल्या असत्या तर त्यानं फोनवर नाही म्हटलं असतं आणि पुढं जन्मभर अक्कांना दोष दिला असता. किंवा अक्का जा म्हणतील. मग तो गेला असता, आणि तिथं काही बिघडलं असतं तरी दोष अक्कांचाच. दोन्हीकडून अक्कांच्या गळ्यात घालायची चांगली सोय त्यानं करून आणली होती. पण अक्का कुठल्याच बाजूनं सापडेनात.

"आवडलं काय तुला नाव?" अक्कांनी विचारलं.

पेरूवर एक पोपट येऊन बसला आणि काही न खाता उडून गेला.

"आवडलं," चारुदत्त म्हणाला. "तिथंच माझं डोकं फिरलंय. वाईट वाटायला हवं होतं ना? परवा त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक तास घ्यायला लावला, मी कसा शिकवतो ते बघायला. पलीकडं बारकी बारकी मुलं. एका मुलीनं विचारलं, तुमचे वडील काय करतात?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्यांची बोट आहे."

"...बोट?"

"हो."

"नदीत?"

"समुद्रात."

अक्कांनी पहिल्यांदा सूप खाली ठेवलं.

चारुदत्तचे वडील, मल्लाप्पा, पिठाची गिरण चालवायचे. भुवया कायम पांढऱ्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला खांद्यावरून इथं घेऊन आले होते ते हेच मल्लाप्पा, आणि पोराच्या इवल्या हातावर अक्कांनी दही ठेवलं होतं. पोरानं दह्याबरोबर वडलांच्या खांद्यावरचं पीठही चाटलं होतं.

"मल्लूला पवाय येत न्हवतं," अक्का म्हणाल्या.

"माहितेय, अक्का."

"मग बोट बुडाली तर?"

हसू येत होतं की रडू, ते चारुदत्तला कळेना. पडद्यावरच्या त्या मुलीनं टाळ्या वाजवल्या होत्या, बोटीचा रंग विचारला होता, आणि त्यानं निळा सांगितला होता. इतकं सहज, इतकं झकास इंग्रजी त्याच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं. कॉलेजात तो मल्लाप्पाचा पोरगा म्हणून उभा राहायचा तेव्हा मागच्या बाकांवरची मुलं पेंगायची. चार्ली उभा राहिला आणि सगळी मुलं जागी. आता ह्यातलं खोटं कोण म्हणायचं?

"अक्का, तुम्हीच सांगा. जाऊ की नको?"

अक्का उठल्या. आतून दह्याचं गाडगं घेऊन आल्या.

"हात कर."

त्यानं उजवा हात पुढं केला. अक्कांनी चमचाभर दही ठेवलं. गार, घट्ट.

चारुदत्तला हायसं वाटलं. म्हणजे जा म्हणाल्या. सुटलो. त्यानं हात तोंडाजवळ नेला.

"कोण चाललंय?"

हात मध्येच थांबला.

"मीच की."

"मीच म्हंजे?"

चारुदत्तनं तळव्यावरच्या दह्याकडं पाहिलं.

"चारू चालला असंल तर खा. चार्ली चालला असंल, तर त्येला म्हणावं, तुझ्या घरचं दही खा जा."

"अक्का, आम्ही दोघं एकच आहोत."

"मग खा."

त्यानं खाल्लं नाही. का नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. जीभ पुढं येईना. अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि गहू निवडायला लागल्या, जणू समोर कुणी बसलेलंच नाही.

आता पंचाईत अशी की हातावरचं दही टाकता येत नाही. गाडग्यात परत घालता येत नाही. पाण्याचा तांब्या हाताशी होता, पण निघतानाचं दही कुणी धुऊन टाकतं का? तो हात पसरून बसून राहिला. उन्हानं दही पातळ व्हायला लागलं. एक ओघळ मनगटावर आला, शर्टाच्या बाहीत शिरला. माशी आली. त्यानं फुंकर मारली. एवढा मोठा प्राध्यापक, चमचाभर दह्यानं जागेवर खिळला होता.

"अक्का..."

अक्कांनी सूप एकदा पाखडलं.

"अक्का, खाऊ की नको, तेवढं तरी सांगा."

खडे बाजूला पडत होते.

आणि फोन वाजला.

त्यानं डाव्या हातानं कसाबसा खिशातून काढला, कानाला लावला. पलीकडून बाईंचा आनंदी आवाज आला. "चार्ली?"

चारुदत्तनं एकदा हाताकडं पाहिलं. मग अक्कांकडं.

"येस," तो म्हणाला. "चार्ली बोलतोय." पुढचं सगळं इंग्रजीतच झालं, त्या नव्या, गुळगुळीत, लंडनजवळच्या आवाजात. हो, नक्की. हो, येतो. हो, मलाही फार आनंद झाला. तोंडातून हो कधी निघून गेलं ते त्याला कळलंही नाही. उजवा हात तसाच पसरलेला होता.

फोन बंद झाला.

अक्का त्याच्याकडं पाहत होत्या. अनोळखी माणूस ओसरीवर येऊन बसला की पाहतात, तसं. प्रेमानंच, पण ओळख नसल्यासारखं.

"ठरलं, अक्का," तो म्हणाला. आवाज अजून पुरता परत आला नव्हता. "जायचं ठरलं. आता खाऊ ना?"

अक्कांनी त्याचं मनगट धरलं. हात हलकेच कलता केला. उरलंसुरलं दही आपल्या तळव्यावर घेतलं आणि चाटून टाकलं.

"अक्का! हे काय केलंत?"

दही चाटलं की बसायचं नाही. अक्का पदर खोचून उठल्या. कोपऱ्यातली काठी घेतली. ओसरीची पायरी उतरल्या, पेरूखालून गेल्या, आणि ज्या फाटकाबाहेर त्यांना कुणी पाहिलं नव्हतं ते फाटक उघडलं.

चारुदत्त धडपडत उठला. ओला हात तसाच हवेत.

"कुठं निघालात? अक्का... मी काय करू?"

अक्का क्षणभर थांबल्या, पण मागं वळल्या नाहीत.

"चारूला हुडकाय. गाडग्यात दही हाय अजून. चारू आला, तर त्येला बसवून ठेव."